हमालाची पाठ आणि म्हातारपण

लातूर व नांदेडच्या मोंढ्यांत तूर-सोयाबीनचीं पोतीं वाहणारा हमाल कोण? तो आमच्याच शेतकऱ्याचा मुलगा. कोरडवाहू तुकड्यावर पोट भरत नाहीं, म्हणून सुगींत मोंढा व पावसाळ्यांत शेत, असा त्याचा क्रम. एका दिवसांत दहा अडत्यांचा माल तो उचलतो. पण पाठ मोडली, कीं दहांपैकीं एकही त्याचा धनी नसतो!

हें ओळखूनच महाराष्ट्रांत १९६९ सालीं माथाडी कायदा झाला. मालकानें मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळांत भरावी आणि मंडळानें त्यांतून भविष्यनिर्वाह निधि, उपदान व औषधपाणी पाहावें, ही त्याची रीत. परंतु एकरकमी निधि लग्नांत व कर्जांत संपतो. म्हातारपण मात्र संपत नाहीं. केंद्राची २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना वर्गणीदारास साठीनंतर दरमहा ३००० रुपये देते. पण चाळिशीपुढच्यास तींत प्रवेश नाहीं. आणि हमालाची पाठ साठीपर्यंत थांबते काय?

आमचें म्हणणें असें कीं, वर्षांतून सहाच महिने राबणाऱ्या हमालासही पन्नाशीनंतर पेन्शन व कुटुंबासह औषधोपचार मिळावा. त्याचा पैसा मालकाच्या लेव्हींतून यावा, शेतकऱ्याच्या पट्टींतून कापूं नये.

नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८९० सालीं गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळवून दिली, ती एकीच्या बळावर. हमालबंधूंनो, आधीं मंडळाच्या वहींत नांव घाला. वहींत ज्याचें नांव नाहीं, त्याचा हक्क कोण मानील?