अठ्ठावन्नच्या आत

वऱ्हाडातल्या साध्या नोकरदाराचं पहिलं घर अनेकदा पंचेचाळिशी उलटल्यावर होतं. आधी धाकट्या भावाचं शिक्षण, मग बहिणीचं लग्न, मग गावाकडे लागोपाठ नापिकी, मग पोरांच्या फिया. हे निस्तरता निस्तरता केस पिकतात. अमरावतीतल्या कुठल्याही लग्नात अशा माणसाला कुणीतरी विचारतंच, "जागा घेतली का नाई अजून?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ऐकणाऱ्याला ते लागतं. म्हणून आधी हेच सांगते. ज्यानं भिंतींआधी माणसं उभी केली, त्यानं काही गमावलेलं नाही.

हा क्रम आपल्याला आपल्याच मातीनं शिकवला. गाडगेबाबा 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले. कर्ज काढू नका आणि पोरांना शिकवा, हे त्यांनी आयुष्यभर कीर्तनातून सांगितलं. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे त्यांनी लोकांसाठी धर्मशाळा उभारल्या, स्वतःसाठी मात्र घर बांधलं नाही. पोरांना शिकवण्याचं त्यांचं सांगणं वऱ्हाडानं मनापासून पाळलं. कर्जाचं सांगणं घराच्या बाबतीत आज पाळता येत नाही. पण त्यामागची काळजी तेवढीच खरी आहे, आणि उशिरा घर घेणाऱ्यानं ती उराशी धरावी.

विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांकडे पाहा. त्यांच्यातल्या कित्येकांनी उमेदीची वर्षं नाममात्र मानधनावर किंवा बिनपगारी काढली. 2009 मध्ये शासनानं ‘कायम विनाअनुदानित’ मधला ‘कायम’ शब्द काढला. 2016 नंतर 20 टक्के, मग 40, मग 60 असं अनुदान टप्प्याटप्प्यानं येत गेलं. हातात बरा पगार पडेपर्यंत अनेकांनी चाळिशी ओलांडली होती. निवृत्ती मात्र 58 व्या वर्षीच. त्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीत आलेल्यांना जुन्या पेन्शनऐवजी अंशदायी योजना लागू झाली. अशा माणसाचं घराचं गणित तिशीतल्या पोरासारखं मांडून चालत नाही.

समजा, 48 व्या वर्षी 9 टक्के व्याजानं 10 लाखांचं कर्ज घेतलं. मुदत 20 वर्षांची घेतली तर हप्ता जवळपास 9,000 रुपये बसतो, 10 वर्षांची घेतली तर 12,700 च्या आसपास. हप्ता हलका म्हणून माणूस 20 वर्षांवर सही करतो. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी पगार थांबतो त्या दिवशी, 10 वर्षं नेमानं हप्ते भरूनही, 7 लाखांहून अधिक मुद्दल बाकी असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांतला मोठा वाटा व्याजातच जातो. मग ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी कर्जात घालायचा आणि म्हातारपणी औषधपाण्याला पोरांकडे हात पसरायचा. हे होऊ द्यायचं नसेल तर एकच नियम पाळायचा. निवृत्तीच्या आत फिटेल तेवढंच कर्ज, आणि तेवढ्या कर्जात बसेल तेवढंच घर. चार खोल्या बसत नसतील तर दोन. पण निवृत्तीच्या पैशाला हात लावायचा नाही.

आपल्याकडे बजेट बिघडतं ते बहुतेक वेळा जमिनीखाली. अकोल्यात कौलखेडकडे एका बांधकामावर पायाचे खड्डे खणताना मी उभी होते. वर फावड्याला चिकटणारी काळी माती, तिच्याखाली पिवळसर थर, आणि मुरूम बराच खोल. मिस्त्री मधूनमधून मूठभर माती उचलायचा, तळहातावर चोळायचा आणि मान हलवायचा. "मुरूम लागल्याबिगर पाया भरू नका बाई, नाईतर दुसऱ्याच उन्हाळ्यात भिंत उलते." त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचं बांधकाम हलवते. म्हणून प्लॉट घेण्याआधी शेजारच्या घरमालकाला पाया किती खोल गेला ते विचारावं. पाण्याचंही तसंच. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरला पाणी लागलं तरी ते पिण्याजोगं असेलच असं नाही. नळाची लाइन लेआउटपर्यंत आली आहे का, हे स्वतः जाऊन पाहावं.

अमरावती-अकोला महामार्गावर 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटरचं डांबरीकरण पाच दिवसांच्या आत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. 2025 च्या एप्रिलमध्ये अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून प्रवासी विमान उडालं. या आनंदाच्या गोष्टी आहेत. पण अशा बातम्यांच्या जोरावर कुणी शेताचे तुकडे स्टॅम्पपेपरवर विकू पाहत असेल, तर पन्नाशीतल्या माणसानं तिकडे फिरकू नये. बुडालेले पैसे पुन्हा जमवायला त्याच्याकडे वर्षं उरलेली नसतात. सातबारा, अकृषक आदेश, मंजूर नकाशा पाहावा. शहरातली जुनी जागा असेल तर ती नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची आहे का, हे तपासावं. मोठा लेआउट किंवा नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

साठवलेला पैसा कुठे ठेवता, तेही महत्त्वाचं. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. म्हणून घराची सगळी पुंजी भिशीत आणि दोन टक्के जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेत गुंतवू नका.

जे हक्काचं आहे ते मागायला संकोच करू नका. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा 2024 मध्ये सुरू झाला. देशात कुठेही पक्कं घर नसलेल्या आणि वर्षाला 9 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, 35 लाखांपर्यंतच्या घरासाठी घेतलेल्या कर्जावर या योजनेतून 1 लाख 80 हजारांपर्यंत व्याज अनुदान मिळू शकतं. घर बाईच्या नावानं घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. ती घ्याच. पण सवलत नसती तरी मी हेच सांगितलं असतं. भाड्याच्या घरात कूलर, कपाट आणि पोरांची दप्तरं घेऊन दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं संसार मांडला तो तिनंच. खरेदीखतावर तिचं नाव असणं हा तिचा अधिकार आहे.

उशिरा घर घेणाऱ्यापाशी तिशीतल्या माणसाकडे नसलेली एक गोष्ट असते. आपल्याला काय लागतं आणि काय लागत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वास्तुशांतीला किती लोक येतील याचा विचार त्यानं करू नये. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, नळाला पाणी, कागद स्वच्छ आणि शेवटचा हप्ता अठ्ठावन्नच्या आत. एवढं जमलं तर त्या घराला कुणीही लहान म्हणू नये.