हिमालयातील सहलीची तारीख कोणी ठरवावी?



केजसारख्या गावी बसून बर्फावर लेख लिहायचा म्हणजे वाळवंटात राहून पोहण्याचे धडे देण्यासारखे आहे, असे तुम्ही म्हणाल. तुमचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. परंतु आपल्या मुलखानेही एकदा पांढरी शेते पाहिली आहेत. २०१४ साली फेब्रुवारी-मार्च महिन्यांत मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिच्याविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. पिके कशी झोपली ते तर ते सांगतीलच. पण आणखी एक गोष्ट मुद्दाम विचारा. उघड्या रानातल्या गारा आधी विरघळल्या, की बांधाच्या सावलीत साचलेले ढीग? उत्तर तुम्हांला ठाऊकच आहे. ते लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणारे हवेचे विक्षोभ हिमालयावर बर्फ पाडतात. एखाद्या वर्षी असे विक्षोभ एकामागून एक येतात आणि बर्फ नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक साचतो. मार्चमध्ये परीक्षा संपतात, मे महिन्यात आपल्या शाळा-कॉलेजांतील मुले हिमालयात पदभ्रमणाला निघतात. त्यांची तारीख ठरते कशावरून? रेल्वेच्या आरक्षणावरून! आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यातील सहलीचा निर्णय आपण मार्चच्या आरंभी करतो, आणि त्या वेळी वरच्या खिंडींत बर्फ पडतच असतो. माझे स्पष्ट मत असे, की ही रीत चुकीची आहे आणि कधीतरी जिवावर बेतणारी आहे.

बर्फ जाण्यास इतका वेळ का लागावा? नवव्या-दहावीच्या मुलांना याचे उत्तर देता आले पाहिजे. शून्य अंश तापमानाच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करण्यासाठी सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. त्यातून ताजा हिम आपल्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी बहुतेक भाग परत फेकून देतो. आता थोडे गणित करू. वसंतात दबून घट्ट झालेल्या जुन्या हिमाची घनता पाण्याच्या निम्म्याच्या आसपास असते, ती ०.४५ धरा. असा दीड मीटर थर वितळला तर पाणी किती होईल? सुमारे साडेसदुसष्ट सेंटिमीटर. आपल्या भागात साऱ्या वर्षात सरासरीने पडतो, जवळजवळ तेवढाच हा पाऊस म्हणावयाचा. फक्त तो डोंगराच्या अंगावर गोठून बसला आहे, आणि उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत खाली यावयाचा आहे.

म्हणून बर्फाळ हिवाळ्यानंतरच्या सहलीत खरे भय थंडीचे नसते, पाण्याचे असते. आपल्याला मांजरेचा पूर माहीत आहे. वर बालाघाटात पाऊस झाला की नदी फुगते. २०२१ च्या सप्टेंबरात धनेगावच्या धरणाचे दरवाजे उघडावे लागले तेव्हा काठच्या गावांनी ते अनुभवले. हिमालयातील नाल्याला मात्र ढग लागत नाहीत, ऊनच पुरते! दुपारी बर्फ वितळतो, ते पाणी झिरपत खाली येण्यास काही तास जातात, आणि नाला दुपारनंतर किंवा संध्याकाळी सर्वांत जास्त भरतो. पहाटे तो सर्वांत कमी असतो. आभाळ जितके निरभ्र, तितका त्याचा दुपारचा जोर अधिक. आपल्याकडच्या मुलाला हे उलटे वाटते, आणि म्हणूनच तो फसतो.

आम्हीही फसणारच होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील मुलांबरोबर मी हिमाचलात गेलो होतो. सकाळी जो नाला घोट्याएवढ्या पाण्यातून हसतखेळत ओलांडला, तोच चार वाजता परतताना मांडीपर्यंत आला होता, आणि तळातले धोंडे गडगडत असल्याचा आवाज काठावर ऐकू येत होता. तंबू समोर दिसत होते. मुले भुकेली होती. "सर, हात धरून जाऊ," असे मोठी मुले म्हणू लागली, आणि खरे सांगतो, माझाही विचार तोच होता. आमच्या बरोबरचा स्थानिक वाटाड्या तेवढा खाली बसला आणि म्हणाला, "मास्टरजी, सुबह जाएँगे." जवळच्या मेंढपाळांच्या दगडी आडोशाला आम्ही रात्र काढली. थंडीने कोणाला झोप लागली नाही. पहाटे साडेपाचला तो नाला पुन्हा घोट्याएवढा होता.

नाल्यावर बर्फाचा पूल दिसला तर? तो वरून सपाट, भक्कम दिसतो, पण वाहते पाणी त्याला खालून खात असते. वरून पाहून त्याची जाडी कळत नाही. मोठ्या खडकाभोवतीही तसेच. काळा खडक उन्हाने तापतो आणि त्याच्या कडेचा बर्फ आतून पोकळ होतो. उताराचीही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. ३५ अंश म्हणजे किती, हे डोळ्यांना मुळीच कळत नाही! कंपासपेटीतील कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा व खडा बांधा, सरळ कडेवरून उताराच्या रेषेत पाहा. दोरा ९० च्या खुणेपासून जितका सरकेल तितका उतार. धारूरच्या किल्ल्याच्या वाटेवर हा प्रयोग करून पाहा. तुमचे पहिले अंदाज बहुधा दहा अंशांनी तरी चुकतील.

आणि हे सारे "अजून हिवाळा संपला नाही" अशा दिवसांतलेच असते असे नव्हे. २०२३ साली ४ जूनला, आपल्याकडे मृगाची वाट पाहत असतात तेव्हा, हेमकुंड साहिबच्या वाटेवर हिमस्खलन होऊन एका यात्रेकरू स्त्रीचा मृत्यू झाला. तीच यात्रा २०१९ मध्ये, हिवाळ्यात फार बर्फ पडल्यामुळे, १ जूनला सुरू झाली होती. एरवी ती मेमध्येच सुरू होते. तेथे वाट कधी उघडायची हे बर्फ पाहून ठरवतात. आपण मात्र पत्रकात छापलेली तारीख धरून बसतो.

मग जाऊच नये काय? असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या मुलाने बालाघाटाखेरीज डोंगर पाहिला नाही त्याने हिमालय जरूर पाहावा. आरक्षण खुशाल करा. पण खिंडीचे आरक्षण करू नका. शिक्षकांनी दोन सहली आखाव्यात, एक खिंड ओलांडणारी आणि दुसरी देवदारांच्या रानातून खालच्या खेड्यांपर्यंत जाणारी, आणि कोणती होईल हे पायथ्याशी ठरेल, असे पालकांना पैसे घेतानाच सांगावे. हवामान खात्याचे अंदाज पाहावेत. मनालीला १९६९ पासून बर्फ व हिमस्खलनांचा अभ्यास करणारी लष्करी संशोधन संस्था होती. २०२० पासून ते काम चंडीगडच्या संस्थेत विलीन झाले आहे, आणि तिकडून हिमस्खलनाच्या सूचना दिल्या जातात. त्यांवर नजर ठेवावी. पण सर्वांत आधी गावातल्या माणसाला विचारावे: या वर्षी उत्तरेकडच्या उतारावर बर्फ कुठवर आहे? उत्तरेकडचाच का, हे बांधाच्या सावलीतल्या गारांनी सांगितले आहे. रात्री आभाळ झाकलेले होते काय, हेही पाहावे. ढगांच्या पांघरुणाखाली बर्फ गोठत नाही, आणि सकाळी सहालाही पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

शिक्षकांना एक वेगळे सांगावयाचे आहे. "खिंड सर केली" असे प्रमाणपत्र मिळते, म्हणून पुष्कळदा मुले पुढे रेटली जातात. परत फिरलेल्यांना प्रमाणपत्र का मिळू नये? नाल्यावरून परतलेल्या पोराने त्या दिवशी भूगोल आणि भौतिकशास्त्र दोन्ही अधिक शिकलेले असते.

आमची ती खिंड राहिलीच. उरलेले दोन दिवस मुलांनी नाल्याच्या काठी एक काठी रोवून, तिच्यावर खुणा करून, दर तासाला पाण्याची उंची वहीत लिहिली. दुसऱ्या दिवशी सर्वांत वरची खूण सायंकाळी पाच वाजता भिजली. तिसऱ्या दिवशी सकाळपासून ढग होते, आणि खूण कोरडीच राहिली.