अपंगत्व पेन्शन : पुरावा कुणी द्यायचा?

भरतीवेळी तपासून धडधाकट ठरवलेला जवान आजारी होऊन घरी परततो. मेडिकल बोर्ड अनेकदा शेरा मारतं, ‘आजाराचा सेवेशी संबंध नाही’, आणि पेन्शन अडते. धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये स्पष्ट केले, की भरतीच्या नोंदीत आजार नसेल तर तो सेवेत जडला असे धरावे; तसे नसल्यास बोर्डाने लेखी कारण द्यावे. 2023 च्या नव्या नियमांवर माजी सैनिकांचा आक्षेप इथेच आहे : पुराव्याचा भार पुन्हा जवानाच्याच माथी येतोय. म्हणून ज्यांच्या घरात जवान आहे, त्यांनी भरतीची, हॉस्पिटलची आणि बोर्डाची कागदपत्रे जपावीत. अपील फेटाळलं तरी सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते.