पाणबुडीत एकट्यानं उतरायचं की गँग घेऊन?

पाणबुडीचा गेम म्हटलं की अनेकांना आधी जांभई येते. धडाधड गोळीबार नाही, पळापळ नाही. कानाला हेडफोन लावून शत्रूच्या जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकत बसायचं, याला गेम म्हणायचं? तरी १९८५च्या ‘सायलेंट सर्व्हिस’पासून हा प्रकार टिकून आहे. आणि त्याच्या चाहत्यांमध्ये एक वाद कायम रंगतो : सिंगल-प्लेअर भारी की मल्टिप्लेअर?

सिंगल-प्लेअरचा हुकमी एक्का म्हणजे वेळ. ‘सायलेंट हंटर ३’ (२००५) मध्ये तुम्ही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन यू-बोटीचे कॅप्टन असता. गस्त असते कित्येक आठवड्यांची. पण घड्याळाचा वेग वाढवला की रिकामा समुद्र मिनिटांत पार होतो. लेक्चर आहे? पॉज करा, संध्याकाळी पुढे खेळा.

मल्टिप्लेअरमध्ये हे जमत नाही, कारण घड्याळ सगळ्यांचं एकच. पण तिथली मजाच वेगळी. ‘वुल्फपॅक’मध्ये एका पाणबुडीत एक मित्र पेरिस्कोपवर, दुसरा पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या हायड्रोफोनवर, तिसरा सुकाणूवर. एकानं अंतर चुकीचं सांगितलं की टॉर्पेडो गेला वाया! गुरूच्या युरोपा या चंद्रावर घडणाऱ्या ‘बॅरोट्रॉमा’त तर १६ जण एकत्र खेळू शकतात. खऱ्या यू-बोटीवरही पन्नासच्या आसपास माणसं असायची. म्हणजे वास्तवाच्या जवळ कोण, तर मल्टिप्लेअर.

मग वाद संपला? नाही. खरा प्रश्न पुढेच आहे : उद्या सर्व्हर बंद झाला तर?

‘सायलेंट हंटर ५’ची गोष्ट बघा. २०१०मध्ये आलेला हा गेम एकट्यानं खेळतानाही सतत इंटरनेट मागायचा. बाजारात आल्यावर काही दिवसांतच यूबीसॉफ्टच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे मोजलेले अनेक कॅप्टन किनाऱ्यावरच अडकले. पुढे ही सक्ती सैल झाली. २०२२मध्ये कंपनीनं त्याची ऑनलाइन सेवा थांबवली आणि मल्टिप्लेअर गेलं. उलट त्याच्याहून जुना ‘सायलेंट हंटर ३’ चाहते स्वतः बनवलेल्या मॉड्सवर आजही खेळतायत.

याच कंपनीचा ‘द क्रू’ हा रेसिंग गेम ३१ मार्च २०२४ला बंद झाला, तेव्हा तर विकत घेतलेला अख्खा गेमच गायब झाला. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम उभी राहिली. जुलै २०२५मध्ये युरोपातल्या तिच्या याचिकेनं १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी साधी आहे : सेवा थांबवा, पण विकलेला गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा.

पॉकेटमनी साठवून गेम घेणाऱ्या आपल्यासाठी हा मुद्दा ग्राफिक्सपेक्षा मोठा आहे. त्यामुळे ‘बाय’ दाबण्याआधी दोन गोष्टी तपासा. नेट नसताना गेम चालतो का? आणि मित्रांसाठी आपला स्वतःचा सर्व्हर उभा करता येतो का? ‘बॅरोट्रॉमा’त ती सोय आहे.

एकट्यानं खेळा नाहीतर गँगनं, ती आवड आपली. फक्त पाणबुडीची किल्ली आपल्या खिशात आहे ना, हे आधी बघा.