उपदेश फुकट, उपचार महाग

सामाजिक माध्यमांच्या आहारी जाऊन खचलेल्या तरुणांना ‘मन घट्ट करा, मोबाइल बाजूला ठेवा’ असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. हा उपदेश फुकट असतो. उपचाराला मात्र पैसा लागतो, आणि खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

या माध्यमांचे अर्थकारण सरळ आहे. सेवा विनामूल्य मिळते, कारण वापरणाऱ्याचे लक्ष हाच जाहिरातदारांना विकावयाचा माल असतो. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी न्यूनगंड वाढतो, हे खुद्द मालक कंपनीच्याच संशोधनात आढळल्याचे २०२१ साली उघड झाले. अर्थात प्रत्येक नैराश्याचे मूळ मोबाइलात नसते. बेभरवशाचा रोजगार आणि एकटेपणा या जखमा आधीच्याच. हा धंदा त्यांवर पोसला जातो.

खांबच्या एखाद्या तरुणाचा विचार करा. धाटावच्या कारखान्यात तो कंत्राटावर आहे. चिंता व नैराश्य यांवर संवादोपचार गुणकारी ठरतात. परंतु त्यासाठी आठवड्यामागून आठवडे बैठका घ्याव्या लागतात. त्याने अलिबाग वा ठाणे गाठावयाचे, तर रोज बुडतो, भाडे पडते. खाजगीत गेल्यास शुल्क वेगळेच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावाचून राहतात, यात नवल ते काय?

वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने परवडणाऱ्या उपचाराचा हक्क मान्य केला आहे. किमान सरकारी सेवा जिल्ह्यात नसतील, तर जिल्ह्यातील अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावा, असेही कलम १८ सांगते.

पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. परदेशी कंपन्यांना मिळणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींच्या उत्पन्नावर २०१६ पासून ६ टक्के आकारणी होती. केंद्राने ती १ एप्रिल २०२५ पासून रद्द केली. जो धंदा तरुणांच्या लक्षावर चालतो त्याच्यावरील कर सोडावयाचा आणि समुपदेशकासाठी तिजोरी रिकामी म्हणावयाची, हा कोणता न्याय?

‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक कार्यकर्त्यांनी घरोघर पोहोचवावा. पण दूरध्वनी हा आरंभ झाला. पेण व रोहा येथील सरकारी रुग्णालयांत, कामाची पाळी सुटल्यावर भेटेल असा पगारी समुपदेशक हवा, ही मागणी किमान वेतनाच्या मागणीइतकीच निकडीची मानून आपण लढविली पाहिजे.