डिक्कीतली निळी बाटली आणि आपलं ४५ डिग्रीचं ऊन

राजेहो, ही पोस्ट थोडी लांब आहे. घरात गाडीचा शौक असलेला पोरगा असेल, किंवा तुमचं स्वतःचं गॅरेज असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नवतपा चालू होता. दुपारी दोनला एक पोरगा हॅचबॅक घेऊन दुकानावर आला. एसी थंड करत नाही म्हणे. मी २२ वर्षं एसी आणि इलेक्ट्रिकलचंच काम करतो. बॉनेट उघडलं तर बॅटरीवरून एक जाड जास्तीची वायर मागे गेलेली. अ‍ॅम्प्लीफायरची असेल म्हणून डिक्की उघडली. स्टेपनीच्या बाजूला, गालिच्याखाली, निळी बाटली. नायट्रसची. प्लास्टिकच्या दोन केबल टायने बांधलेली, व्हॉल्व्ह उघडा, आणि वायर जात होती बाटलीला गुंडाळलेल्या हीटरकडे. त्या हीटरला ना थर्मोस्टॅट, ना प्रेशर स्विच. डॅशबोर्डवरचं बटन दाबलं की गरम, बंद करायचं विसरलं तरी गरमच.

गाडी सकाळपासून कॉलेजच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी होती. बाटलीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"काका, टेन्शन नका घेऊ, रिकामी आहे," पोरगा म्हणाला.

"कशावरून रिकामी?"

"दोन वेळा मारली नं परवा."

बाटली काढून आधी सावलीत ठेवली. नंतर शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली. बाटलीवर रिकामं वजन ठोकलेलं असतं, ते वजा केलं. आत जवळजवळ तीन किलो माल निघाला! पोराच्या तोंडचं पाणी पळालं. गेजवर बघून किती शिल्लक ते कळत नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. घरच्या सिलिंडरसारखंच आहे हे. आत द्रव आहे तोवर दाब तेवढाच दाखवतो. खरं फक्त वजन सांगतं.

आता थोडं शास्त्र सांगतो, कारण त्याशिवाय ही काळजी म्हणजे म्हाताऱ्याची कटकट वाटेल. नायट्रस ऑक्साइड स्वतः पेटत नाही. इंजिनात गरम झाला की फुटतो आणि त्यातला ऑक्सिजन मोकळा होतो, म्हणून जास्त पेट्रोल जळतं आणि गाडी उडते. बाटलीत तो द्रव असतो. साध्या खोलीच्या तापमानाला आत साधारण ७५० पीएसआय दाब असतो. तुमच्या टायरात ३२ असतो, यावरून अंदाज घ्या. रेसवाल्यांना ९०० ते १००० हवा असतो, म्हणून तो हीटर. हे सगळं ठीक. पण या गॅसचं एक आहे. ३६.४ डिग्रीच्या वर तो द्रव म्हणून राहूच शकत नाही. तिथे दाब १०५० च्या आसपास असतो, आणि भरलेल्या बाटलीत त्यापुढे प्रत्येक डिग्रीला झपाट्याने वाढतो.

३६.४. नागपुरात मार्चमध्येच आपण हा आकडा ओलांडतो. मेमध्ये बाहेर ४५, आणि उन्हात काचा लावून उभ्या गाडीत ६० च्या पुढे. हे किट जिथून आले, त्या मुलुखात बाटली गरम करायला हीटर लागतो. आपल्याकडे तो निम्मं वर्ष काढूनच ठेवायला पाहिजे. पण व्हिडिओत हीटर दिसतो, म्हणून आपल्या पोरालाही तो पाहिजेच.

कंपनीची चांगली बाटली मजबूत असते. १८०० पीएसआयच्या कामाची असते, आणि व्हॉल्व्हमध्ये पातळ डिस्क असते, ती ३००० च्या आसपास फाटते आणि गॅस सोडून देते. म्हणजे बाटली बॉम्बसारखी फुटू नये याची सोय केलेली आहे. पण सुटलेला गॅस जातो कुठे? नीट बसवलेल्या गाडीत त्या डिस्कपासून एक नळी गाडीबाहेर काढलेली असते. या गाडीत नव्हती. दहा पौंडी, म्हणजे साडेचार किलोची भरलेली बाटली मोकळी झाली, तर जवळपास अडीच घनमीटर गॅस होतो. छोट्या हॅचबॅकच्या आतली जागा याहून फार मोठी नसते. चालत्या गाडीत काचा बंद असताना हे झालं, तर चालवणाऱ्याला काय झालं हे कळण्याआधीच शुद्ध हरपेल. समोर सिग्नलवर स्कूटीवाली मावशी उभी असेल, तिचा यात काय दोष?

आणखी एक. रेसिंगच्या नायट्रसमध्ये मुद्दाम थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात, कोणी हुंगू नये म्हणून. त्याने गळती नाकाला कळते. दवाखान्यात भूल देताना वापरतात त्या गॅसमध्ये तो नसतो. पोराला विचारलं, कुठून भरतोस? गप्प. मी समजायचं ते समजलो.

पुढचं पोलीस आणि आरटीओ दोघांनाही कदाचित आवडणार नाही.

कायदा साफ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे मान्यता नसलेला सिलिंडर भरता येत नाही, आणि परवान्याशिवाय भरण्याचा धंदा करता येत नाही. हे नियम देशभर जी संस्था बघते ती पेसो, आणि तिचं मुख्य कार्यालय कुठे आहे? आपल्याच सेमिनरी हिल्सवर. तिथून फुटाळा तलाव किती लांब, हे नागपूरकराला सांगायला नको. आणि फुटाळ्यावर रात्री अकरानंतर कोणत्या गाड्या उभ्या असतात, हेही सांगायला नको.

मग झालं का काम? "बेकायदा आहे, करू नका" एवढं बोलून आपण मोकळे होतो. मला हेच पटत नाही. बेकायदा म्हटल्यावर पोरं सोडत नाहीत, लपवतात. ती बाटली गालिच्याखाली होती कारण चौकात कोणी बघू नये. नळी बाहेर काढली नव्हती कारण ती बाहेरून दिसते. पक्का ब्रॅकेट नव्हता कारण गाडी तपासणीला न्यायच्या आधी पाच मिनिटांत बाटली काढता आली पाहिजे. म्हणजे धोका वाढला तो लपवण्यामुळे.

सीएनजीचं बघा. सीएनजीची टाकी २०० बारला भरतात, म्हणजे नायट्रसच्या जवळपास तिप्पट दाब. तरी आपण आईबापाला मागे बसवून शेगावला जातो. का? तिथे कोणीतरी विचारतं. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, तारखेची पट्टी, पट्टी संपली की पंपावर गॅस नाही. (काही पंपांवर पट्टी बघितल्यासारखं करतात, तो राग वेगळ्या पोस्टमध्ये काढीन.) हायड्रो टेस्ट म्हणजे टाकीत पाणी भरून दाब द्यायचा आणि टाकी किती फुगते, पुन्हा जागेवर येते का, ते मोजायचं. पाणी दबत नाही, म्हणून टाकी फाटली तरी स्फोट होत नाही. या अ‍ॅल्युमिनियमच्या बाटल्यांची अशी टेस्ट अमेरिकेत दर पाच वर्षांनी होते, आणि तारीख बाटलीच्या खांद्यावर ठोकतात. या पोराच्या बाटलीवर शेवटची तारीख ११ वर्षं जुनी. तिसऱ्या हाताने घेतलेली.

तिकडच्या ड्रॅग रेसचा नियम पाहा. बाटलीवर १८०० चा शिक्का पाहिजे, पक्की बसवलेली पाहिजे, होज क्लिप किंवा केबल टाय चालणार नाही. ड्रायव्हर बसतो त्या भागात असेल तर नळी बाहेर पाहिजे. हीटर फक्त विकतचा, थर्मोस्टॅटवाला. म्हणजे जिथे हा खेळ उघड चालतो, तिथे कोणीतरी डिक्की उघडून बघतं. आपल्या पोराला जर एक बंद पट्टा दिला, महिन्यातून एक रविवार, दारात तपासणी, तर ही बाटली गालिच्याखालून बाहेर येईल. आपल्या शहरात एवढी मोठमोठी मैदानं सभांना मिळतात, याला का मिळू नये?

ते होईल तेव्हा होईल. तोवर विचारायचं कोणी? माझ्या मते आपण गॅरेजवाल्यांनी. डिक्की आपणच उघडतो. आपल्याकडे वेल्डिंग करणारा १९ वर्षांचा पोरगा असतो, त्याला मागे काय ठेवलंय हे माहीत नसतं. सायलेन्सरला टाका मारताना वरच्या पत्र्यापलीकडे ती बाटली असेल तर? गाडी धुणारा, पार्किंगवाला, अपघात झाल्यावर पत्रा कापायला आलेला अग्निशमनवाला, यांच्यापैकी कोणीही ही जोखीम स्वतःहून घेतलेली नाही. चालवणाऱ्याने निदान घेतली आहे.

म्हणून मी माझ्या दुकानात पाटी लावली. गाडीत बाटली असेल तर आधी सांगा, काढून ठेवू, मग काम. काही जण निघून गेले. जाऊ द्या.

ज्यांच्याकडे आहेच, त्यांना भांडण न करता सांगतो. रेस नसेल तेव्हा बाटली गाडीत ठेवूच नका. व्हॉल्व्ह हाताने बंद करा, पान्याने नाही. लाइनमधला गॅस मोकळ्या हवेत सोडा. बाटली सावलीत, हवेशीर जागी, उभी, साखळीने भिंतीला बांधून ठेवा. जिन्याखाली नको, देवघराशेजारी नको, इन्व्हर्टरच्या कोपऱ्यात तर मुळीच नको. जोडांना तेल-ग्रीस लावू नका, या गॅसपाशी ते धोक्याचं असतं. पूर्ण रिकामी करून व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका, पावसाळ्यात आत ओल जाते. गरम करायला ब्लो टॉर्च घेणाऱ्याला तर मी दुकानात पाय ठेवू देणार नाही.

आणि हे खास हिंगण्याच्या एमआयडीसीत ओळख असणाऱ्यांसाठी. बाटलीला मॅट काळं पावडर कोटिंग करून घेऊ नका. भट्टी २०० डिग्रीच्या आसपास असते. त्या उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम नरम पडतं आणि वरून काहीच दिसत नाही. उलट बाटली अजून छान दिसते. अशी भाजलेली बाटली भंगारात. तीही गॅस सोडून, व्हॉल्व्ह काढून, भोक पाडून, म्हणजे भंगारवाल्याच्या पोराने कटर लावला तर काही होणार नाही.

त्या पोराचं काय झालं? वडिलांना फोन लावला. रागावतील वाटलं होतं. ते म्हणाले, "भाऊ, मी त्याच डिक्कीत परवा घरचा सिलिंडर आणला." पुढे दोघंही काही बोललो नाही.

बाटली मोकळी केली, भोक पाडलं, आता दुकानात काउंटरखाली पडली आहे. पोरगा चिडला होता, महिनाभर आला नाही. दिवाळीच्या आधी आला, सोबत दोन मित्र, आणि एकाच्या हातात चादरीत गुंडाळलेली तशीच बाटली. "काका, हिचं वजन करून द्या नं."

काटा आता मी स्वतःचाच घेतला आहे. रविवारी सकाळी दहा ते एक दुकानावर असतो. वजन करून, तारीख वाचून, हीटर तपासून देईन, पैसे नाही घेणार. कोणाची बाटली आहे हेही विचारणार नाही. फक्त उन्हातून आणू नका, आणि येताना काचा उघड्या ठेवा.