पिशवी ऑफिसला गेली पाहिजे

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. वापरणारा माणूस सेटिंग्ज बदलायला जात नाही. जे डिफॉल्ट दिलंय तेच वर्षानुवर्षं चालवतो. प्लॅस्टिकच्या पिशवीचं नेमकं हेच झालंय. भाजीवाला न विचारता देतो, आपण न बोलता घेतो.

बरं, कायदे काही कमी नाहीत. २६ जुलै २००५ च्या पुरात पिशव्यांनी नाले तुंबल्याची ओरड झाली आणि २००६ मध्ये राज्यात किमान ५० मायक्रॉन जाडीचा नियम आला. मार्च २०१८ मध्ये तर सरळ बंदीच, पहिल्या गुन्ह्याला ५ हजार दंड. देशभरातली जाडीची अटही २०२२ अखेर १२० मायक्रॉनवर गेली. जाड पिशवी महाग पडेल, मग कोणी फुकट वाटणार नाही, असा त्यामागचा हिशोब. पण अंबरनाथ स्टेशनबाहेर मला संध्याकाळी जी पिशवी पुढे केली जाते तिच्यातल्या मिरच्या बाहेरून मोजता येतात! आणि ती कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी? ती बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनची असते. म्हणजे प्लॅस्टिकच.

आता घरात कापडी पिशव्या नसतात असं थोडंच आहे? दारामागच्या खुंटीवर पाच-सहा लटकलेल्या असतात. पण बदलापूर-अंबरनाथकरांची निम्मी खरेदी होते लोकलमधून उतरल्यावर, स्टेशन ते घर या वाटेत. संध्याकाळी मेथी स्वस्त दिसणार आहे हे सकाळी सातला कुणाला ठाऊक? तेव्हा पिशवीची जागा खुंटीवर नाही, ऑफिसच्या सॅकमध्ये, छत्रीशेजारी. कायमची. उल्हासनगर तर जीन्सचं गाव. फाटक्या जीन्सचा एक पाय खालून शिवून घेतला की कांदे-बटाट्यांची दणकट पिशवी तयार होते. दिसायला विनोदी, पण कामाला चोख.

त्याहून भारी वस्तू आपण रोज सोबत नेतो आणि वापरतच नाही. जेवणाचा डबा! येताना तो रिकामाच असतो. ऑफिसात विसळून घ्या. सुटं पनीर, इडलीचं पीठ, सुकी भेळ, सगळं त्यात मावतं.

दुधाच्या पिशवीला मात्र माझ्याकडे उपाय नाही. फक्त कोपरा कापून वेगळा करू नका, चीर द्या आणि तो पिशवीलाच राहू द्या. ते चिमुकले तुकडे कुणी वेचत नाही. ते गटारात जातात, आणि इथली बरीच गटारं वालधुनीला मिळतात. हीच नदी १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहते. देवळात जाल तेव्हा जरा काठावरूनही नजर टाका.

आणि हो, ‘मावशी, पिशवी नको’ हे वजन करायच्या आधी म्हणायचं. भाजी पिशवीत पडल्यावर म्हणालात तर ती पिशवी उलटी करून भाजी तुमच्याकडे ओततात आणि पिशवी चुरगाळून बाजूला टाकतात.